पसरणीच्या घाटातली घरची फेरी

"मॅडम, ही गाडी आहे की वऱ्हाड?" वालावलकरांनी विचारलं.

वाईच्या बाहेर, पसरणीचा घाट सुरू होतो तिथल्या चहाच्या टपरीपाशी आमची गाडी उभी होती. अंगावर नुसता राखाडी प्रायमर, नाव नाही, आणि नंबराच्या जागी चाचणीच्या गाडीला लावतात ती लाल पाटी. आत माझं सगळं सासर. मागच्या सीटवर सासरे, सासूबाई, नवरा आणि नणंद एकमेकांत रुतून बसलेले. पुढे इस्माईलभाई स्टिअरिंगवर, त्यांच्या शेजारी मी, आणि माझ्या मांडीवर नणंदेची चिंगी. कॅरिअरवर ट्रंक, वळकटी आणि पाण्यानं काठोकाठ भरलेलं स्टीलचं पिंप. मे महिना होता आणि सकाळीच डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

"वऱ्हाडच आहे," मी म्हणाले. "तुम्ही नवरदेवासारखे मागच्या गाडीतून या."

वालावलकर हसले. ते आमच्या कंपनीचे विक्रीप्रमुख. माणूस गोड, कपडे झकास, आणि माझ्या इंजिनाचा पक्का वैरी.

कंपनीचं नाव सांगत नाही. चिंचवडला होती एवढं पुरे. इंजिन डिझाइनच्या खात्यात मी एकटीच बाई होते, आणि या गाडीचं इंजिन पहिल्या रेघेपासून मी काढलं होतं. लोक मला गर्विष्ठ म्हणायचे. बरोबरच म्हणायचे. चांगलं इंजिन काढल्यावर माणसानं खाली मान घालून का हिंडावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या खात्यात एक रीत होती. नवी गाडी बाजारात जाण्याआधी तिची शेवटची चाचणी घाटात व्हायची आणि त्या वेळी वजन म्हणून वाळूची पोती टाकायची नाहीत, तर ज्यानं इंजिन काढलं त्याच्या घरची माणसं बसवायची. तिला आम्ही घरची फेरी म्हणायचो. ही रीत डिग्रजकरसाहेबांनी पाडलेली. ते आमचे खातेप्रमुख, बोलायला अत्यंत कंजूष. पण या विषयावर मात्र त्यांना बोलतं करता यायचं.

"पोत्याला उलटी होत नाही," ते म्हणायचे. "पोतं भांडत नाही, पोतं मधेच थांबवा म्हणत नाही. आपली गाडी घेणारा माणूस काय पोती घेऊन महाबळेश्वरला जाणार आहे? आणि इंजिनावर भरवसा असेल तर बसवा की आपल्या आईला आत."

त्या दिवशीच्या फेरीला स्वतः चेअरमनसाहेब आले होते. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक माझं इंजिन बनवायचं. दुसरी म्हणजे वालावलकरांची योजना, एका परदेशी कंपनीकडून तयार इंजिन विकत घ्यायचं. माझ्या इंजिनानं घरची फेरी पार पाडली तर ते बनणार होतं. नाही तर तयार इंजिन येणार, आणि तयार इंजिन विकत घेणाऱ्या कंपनीला इंजिन काढणारं खातं हवं कशाला? डिग्रजकरसाहेब घरी बसणार आणि आम्ही बाकीचे कुठेतरी आलेल्या मालाची तपासणी करत बसणार. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण चहा पिताना सगळ्यांच्या तोंडावर होतं.

वालावलकरांचं आणि माझं भांडण पाच हॉर्सपॉवरचं होतं. इंजिन काढणं हे एकाच गोळ्याची पोळी लाटण्यासारखं आहे. एका बाजूला जास्त लाटली की दुसऱ्या बाजूला फाटते. गाडी छोटी हवी, म्हणून बॉनेटची लांबी आधीच ठरलेली. तेवढ्या लांबीत चार सिलिंडर एका ओळीत बसवायचे. सिलिंडर रुंद केले की ताकद वाढते, पण मग दोन सिलिंडरमधली भिंत पातळ होते आणि तिच्यातून थंड पाणी खेळवायला जागा उरत नाही. भिंत तापत राहिली की तिच्यावरचं गॅसकेट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारा पातळ पत्रा, जळतं आणि गाडी रस्त्यात बसते. मी सिलिंडर बारीक ठेवले आणि त्यांची उंची वाढवली. भिंती जाड ठेवून त्यांतून पाणी नेलं. उंची वाढली तेव्हा इंजिन बॉनेटखाली मावेना, म्हणून अख्खं इंजिन एका कुशीवर कलतं बसवलं. ॲव्हरेज छान मिळालं, चढावरची ओढ उत्तम मिळाली. कागदावरची हॉर्सपॉवर मात्र पाचनं कमी भरली.

"मॅडम, गिऱ्हाईक भिंत विचारत नाही," वालावलकर बैठकीत म्हणाले होते. "ते हॉर्सपॉवर विचारतं."

"गिऱ्हाईक ॲव्हरेज विचारतं," मी म्हटलं होतं. "आणि घाटात गाडी बसली की तुमच्या घरचा पत्ता विचारतं."

"पण ताकद कमी आहे हे तरी मान्य करा."

"सपाटीवर पळायची ताकद कमी आहे. चढावर लागते ती ओढ. इंजिन हळू फिरत असतानाही चाकाला जोर देतं की नाही, ते बघायचं. ते माझं देतं."

"आणि वजनाचं सगळं गणित तुम्ही सात माणसांवर का केलंय? गाडी पाच सीटची आहे. पाच धरा, भिंत थोडी कमी करा, हॉर्सपॉवर मिळेल."

"आपल्याकडे पाच सीटवर पाचच माणसं बसलेली तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?"

सगळे हसले होते आणि विषय तिथेच राहिला होता. माझं उत्तर खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

"चला," डिग्रजकरसाहेब टपरीवरून उठत म्हणाले. ते, वालावलकर आणि चेअरमनसाहेब मागच्या मोठ्या गाडीत बसले. इस्माईलभाईंनी किल्ली फिरवली. चाचणीच्या गाड्या चालवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता.

घाट सुरू झाला आणि आमच्या गाडीत भाऊ सुरू झाले. भाऊ म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे पूर्वी एक बोटीएवढी जुनी विलायती गाडी होती आणि तिचं गुणगान गायल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"इंजिन असावं तर तसं," ते म्हणाले. "चालू केलं की आळीला कळायचं दिघ्यांची स्वारी निघाली."

"भाऊ, तिचा आवाजच तेवढा पुढे जायचा," मी म्हणाले. "गाडी मागेच असायची."

"बघितलंस?" भाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाले. "शरद, तुझी बायको माझ्या गाडीला नावं ठेवते."

"ती सगळ्यांच्याच गाड्यांना ठेवते, भाऊ. तिचा पगार त्याचाच आहे."

नणंद खदाखदा हसली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत. एरवी आई वजनानंही भारी आणि बोलण्यातही भारी. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कोणालाही त्या एका वाक्यात गप्प करत. त्या दिवशी मात्र टपरीपासूनच त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला वाटलं, उकाड्यानं असेल.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होती. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बायका, समोरून घरंगळत येणारे ट्रक, खाली लहान लहान होत जाणारी वाई आणि लांबवर धोम धरणाचं चकाकणारं पाणी. मी यातलं फारसं बघत नव्हते. चिंगीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मी इंजिन ऐकत होते. आवाज भरीव होता, कुठे अडखळत नव्हता. तापमानाचा काटा मध्याच्या थोडा वर जाऊन तिथे बसला होता. तो तिथेच बसणार हे मला वर्षभर आधी कागदावर माहीत होतं, तरी बघताना छाती फुगत होती.

"मामी," चिंगी म्हणाली, "मला कसंतरी होतंय."

"थांबवा! थांबवा!" नणंद मागून ओरडली. "हिला लागते गाडी!"

इस्माईलभाईंनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. पुढे लगेचच एक उभं, काटकोनासारखं वळण होतं. घाटात यापेक्षा वाईट जागा थांबायला शोधूनही सापडली नसती. हँडब्रेक ओढला आणि त्याच सुरात त्यांच्या हातानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बंद नका..." मी म्हणेपर्यंत बंद झालंही होतं.

यात त्यांचा दोष नाही. गाडी थांबली की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं, ही आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या बोटांना लागलेली सवय आहे. चाचणीच्या परदेशी पुस्तकात लिहिलं होतं की मोठ्या चढानंतर इंजिन थोडा वेळ चालू ठेवून हळूहळू थंड करावं. ते पुस्तक घाटात कोण वाचतो? इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पंप थांबतो, पाणी जागच्या जागी उभं राहतं. आणि लोखंडात साठलेली उष्णता सगळी त्या उभ्या पाण्यात उतरते. भर चढावर, सात माणसांच्या वजनानं तापलेलं इंजिन असं तडकाफडकी बंद करणं म्हणजे त्याची खरी परीक्षा. वाळूच्या पोत्यांनी ती कधीच घेतली नसती.

चिंगी, नणंद आणि आई खाली उतरल्या. शरदनं उतरून मागच्या चाकाला दगड लावला. भाऊही पाय मोकळे करायला उतरले. चिंगीनं पोटातलं सगळं घाटाला अर्पण केलं आणि तिला लगेच बरं वाटून ती करवंदं मागायला लागली. मी काट्याकडे बघत होते. इस्माईलभाईंनी किल्ली अर्धी फिरवून ठेवली होती. काटा सरकत सरकत वर गेला आणि लाल पट्ट्यात जाऊन टेकला.

मागची गाडी येऊन थांबली. चेअरमनसाहेब उतरले. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी खिडकीतून वाकून काटा पाहिला.

"लालमध्ये आहे," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"इस्माईल, काय म्हणतोस?"

"साहेब, जरा दम खाऊ द्या तिला," इस्माईलभाई म्हणाले. "आन् मानसं वर चालत जाऊ द्यात. रिकामी गाडी काढतो मी वळनातनं. येवढ्या चढाला उभ्यानं, भरलेली गाडी उचलायची म्हंजे क्लच जळायचा, न्हाय तर इंजिन बसायचं."

वालावलकर बॉनेटला टेकणार होते, ते चटका बसून मागे झाले. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. "मॅडम, खरं सांगू? या वळणावर कोणीही माणसं उतरवतं," ते म्हणाले. "मी यावर वाद घालणार नाही. हवं तर लिहून देतो."

चेअरमनसाहेबांनी काठीनं चढ दाखवला. मग म्हणाले, "बाई, माणसं उतरवा. गाडी वळणापलीकडे घ्या, तिथे बसवा आणि पुढे चला. मी फेरी झाली असं धरीन. पण बंद पडलेली गाडी मात्र मला धरता येणार नाही. डिग्रजकर, तुमचं काय म्हणणं?"

डिग्रजकरसाहेबांनी चष्मा पुसला. या उत्तरावर त्यांची नोकरी होती. "इंजिन बाईंचं आहे," ते म्हणाले. "बाईंना विचारा."

इतकी सोपी सुटका कोणाला मिळते? एक चढ रिकाम्या गाडीनं काढायचा आणि माझं इंजिन पास. खातं वाचलं, साहेब वाचले, मी वाचले. माझ्या तोंडात 'ठीक आहे' आलंही होतं. तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"मी निघते गं पुढे. वळणापलीकडे थांबा तुम्ही."

मी मान वळवून पाहिलं. आईंनी चपला काढून एका हातात घेतल्या होत्या. पदर कमरेला खोचला होता. अजून काही ठरलंही नव्हतं, कोणी त्यांना चला म्हटलं नव्हतं, पण त्या निघाल्याच होत्या.

"हां, हिला सवय आहे," भाऊ हसत म्हणाले. "चला मंडळी, वजन कमी करा!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते लग्नानंतर महिन्याभरात. देवदर्शनाला कोकणात गेलो होतो आणि भाऊंच्या त्या बोटीएवढ्या गाडीतून परत येत होतो. वरंध्याच्या घाटात गाडी धापा टाकायला लागली. भाऊंनी ती थांबवली, मागे वळले आणि म्हणाले, "चला, वजन कमी करा." सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. आईंनी हसत हसत चपला काढल्या, पदर खोचला आणि उतरल्या. मीही उतरायला लागले तर म्हणाल्या, "तू बस. नवी नवरी आहेस. आणि तुझं वजन ते काय!" मी मांडीवर ओटीचे नारळ-तांदूळ घेऊन बसून राहिले. गाडी पुढे गेली. मागच्या काचेतून मला आई दिसत होत्या. भर उन्हात, तापलेल्या रस्त्यावर पोळणारे पाय भराभर उचलत, एकट्या चढत होत्या. वळणापलीकडे आम्ही त्यांची वाट बघत थांबलो. आल्या तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. दम परत आला तसं पहिलं वाक्य बोलल्या, "काय छान वारा होता बाई!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पुढे प्रत्येक घाटात हेच. कोणी सांगायच्या आधी त्याच उतरायच्या, म्हणजे कोणाला सांगावं लागू नये. बसायला नेहमी दाराशीच जागा मागायच्या. घरात सगळ्यांवर हुकमत गाजवणारी ही बाई गाडीत बसली की पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची. मी तेव्हा नुकतीच इंजिनाच्या खात्यात लागले होते. वरंध्याच्या त्या वळणावर, मागच्या काचेतून बघताना मी मनाशी म्हटलं होतं की मी इंजिन काढीन तेव्हा ही बाई बसून वर जाईल. नंतर कोणी मला विचारलं की भिंत इतकी जाड का, ओढीचा इतका हट्ट का, गणित सात माणसांचं का, तर मी पाण्याचं आणि गॅसकेटचं उत्तर द्यायची. तेही खरंच होतं. पण कागदावर पहिली रेघ ओढली ती या बाईसाठी.

मी उतरून चिंगीला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"आई, गाडीत बसा."

"अगं, साहेब म्हणतायत ना?"

"साहेब म्हणतायत. मी नाही म्हणत. बसा."

आई जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "माणिक, वेडेपणा करू नकोस. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. माझं काय, मला सवय आहे."

"तुमच्या त्या सवयीचाच मला राग येतो," मी म्हणाले. "कधीपासून येतो, ते घरी गेल्यावर सांगीन."

"आणि पडली गाडी बंद, म्हणजे?"

"मग मी तुमच्याबरोबर चालत येईन वर. पण आधी बसा."

"बाई," चेअरमनसाहेब म्हणाले, "मी तुम्हाला सोपं करून दिलं होतं."

"हो साहेब, आणि त्याबद्दल आभार. पण मी सात माणसांचं इंजिन काढलंय. सहा माणसं घेऊन वर गेलं तर ते दुसऱ्याच कोणाचं तरी इंजिन. ते तुम्ही बनवू नका." मग मी सगळ्यांकडे वळले. माझा आवाज चढला होता, आणि चढू दिला. "या गाडीतून घाटात कोणी उतरायचं नाही. भाऊ, बसा. शरद, बस. दगड राहू दे तिथेच. गाडी पुढे जाणार आहे, मागे नाही."

भाऊ काहीतरी म्हणणार होते, पण आईंकडे बघून दारापासून बाजूला झाले. आई चपला हातात घेऊनच आत शिरल्या. त्यांच्यामागून बाकीचे, आणि पुढे मी. गाडी मागच्या चाकांवर खाली बसली.

"इस्माईलभाई, चालू करा."

"मॅडम, लाल हाय अजून."

"लाल आहे कारण पाणी उभं आहे. ते फिरायला लागलं की उतरेल. भिंतीतून वाट दिलीय त्याला. करा चालू."

किल्ली फिरली. स्टार्टर घरघरला आणि इंजिन लागलं नाही. इस्माईलभाईंनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पुन्हा फिरवली. इंजिन खोकलं, एक सिलिंडर लागला, दुसरा लागला, गाडी थडथडली, आणि मग चारही एका लयीत आले. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

"साहेब, धूर?"

गॅसकेट जळलं असतं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता. डिग्रजकरसाहेब इस्त्रीच्या पँटनं रस्त्यावर गुडघे टेकून खाली वाकले होते. त्यांनी सायलेन्सरपुढे तळवा धरला, वास घेतला.

"काही नाही," ते ओरडले. बोलायला कंजूष असलेल्या त्या माणसाला मी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "स्वच्छ आहे!"

काटा लालमध्येच होता. मी त्याच्याकडे बघत होते, इस्माईलभाई बघत होते, आणि मागून चौघं माझ्या खांद्यावरून बघत होते. तो थरथरला. मग लाल पट्ट्यातून बाहेर आला आणि सावकाश उतरत पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

"आता घाई नको," मी म्हणाले. "तिला ओरडायला लावू नका. हळूच क्लच सोडा, ती उचलेल."

"येवढ्या हळू? बसंल ती."

"नाही बसणार."

इस्माईलभाईंनी हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटभर मागे आली आणि चाक दगडाला टेकलं. क्लच सुटत गेला. इंजिनाचा आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, इतका की एकेक ठोका मोजता यावा. नणंदेनं देवाचं नाव घेतलं. पिंपातलं पाणी वर कॅरिअरवर हिंदकळलं. त्या क्षणी इंजिनात पाच हॉर्सपॉवर जास्त असती तर काही उपयोग झाला नसता, कारण ती सगळी इंजिन वेगात फिरतं तेव्हाच मिळाली असती. इथे लागत होतं ते हेच, खालच्या ठोक्यातलं बळ, आणि ते मी एकेक मिलिमीटर भांडून ठेवलेलं होतं.

गाडीनं दगड सोडला.

ती वळणाला लागली. सात माणसं, ट्रंक, वळकटी, पिंप, सगळं घेऊन, धापा न टाकता, न ओरडता ती वळण चढली आणि सरळ झाली. इस्माईलभाईंनी दुसरा गिअर टाकला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मागे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जिवात जीव आल्यासारखे एकदम बोलायला लागले, आणि त्यात भाऊंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"हिला आवाज कमी आहे," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पण उचलली हो!"

पाचगणीला, घाट संपल्यावर सपाटीवर सिल्व्हर ओकच्या सावलीत गाडी उभी केली. या वेळी इस्माईलभाईंनी इंजिन चालूच ठेवलं. मागची गाडी आली. चेअरमनसाहेब काठी टेकत टेकत आमच्यापर्यंत आले, बॉनेटपाशी उभे राहून त्यांनी इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकला.

"बाई," ते म्हणाले, "त्या भिंतीला आता कोणी हात लावायचा नाही. कोणी लावा म्हटलं तर माझ्याकडे पाठवा."

डिग्रजकरसाहेब "हं" म्हणाले. त्यांचे गुडघे डांबरानं काळे झाले होते आणि ते झटकायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मला आजही कोणी विचारलं की तुझ्या आयुष्यातलं मोठं बक्षीस कोणतं, तर मी ते काळे गुडघे सांगते.

वालावलकर शेवटी आले. "मॅडम, मी हरलो," ते म्हणाले. "पण एक मागणं आहे. 'या गाडीतून घाटात कोणी उतरायचं नाही.' एवढं वाक्य जाहिरातीला द्या. हॉर्सपॉवर मी कुठेतरी बारीक अक्षरात टाकतो."

"घ्या," मी म्हणाले. "पण वाक्य बदलायचं नाही."

पुढे ती गाडी त्या वाक्यावरच विकली गेली आणि ते इंजिन आम्ही इतकी वर्षं बनवलं की माझे केस पिकले तरी त्याची मागणी थांबली नाही. अजूनही एखाद्या घाटात त्यातली एखादी जुनी गाडी भेटते, टपावर सामान आणि आत खच्चून माणसं, आणि मी रस्त्याकडेला उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहते.

तर त्या दिवशी सगळे पाय मोकळे करायला उतरले. चिंगी घोड्यांकडे पळाली. भाऊ चेअरमनसाहेबांना आपल्या जुन्या गाडीची गोष्ट सांगायला लागले. आई उतरल्या नाहीत.

"अगं, उतर की," भाऊंनी हाक मारली. "आलं पाचगणी."

"तुम्ही या फिरून," आई आतून म्हणाल्या.

त्यांना बरं वाटत नसेल असं वाटून मी गाडीपाशी गेले. आई चौघांच्या त्या सीटवर आता मधोमध, पाय पसरून, पाठ पूर्ण टेकून बसल्या होत्या. चपला पायात घातल्या होत्या. पदर सोडून नीट खांद्यावर घेतला होता. घरात आरामखुर्चीत बसतात तशा त्या बसल्या होत्या.

"आई, पाणी आणू का?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या काचेतून पुढच्या रस्त्याकडे बघितलं.

"माणिक," त्या म्हणाल्या, "इथून पुढे अजून कुठे चढ आहे का गं?"

"आहे ना. महाबळेश्वरपर्यंत आहे."

"मग बोलव सगळ्यांना," आई म्हणाल्या. "चला जाऊ या."